परक्याचें पान

जुन्नरच्या शिवनेरी डोंगराच्या कड्यांत जीं बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत, त्यांत ब्राह्मी लिपींतील एक आंखूड लेख आढळतो. भाषा प्राकृत, शब्द अगदीं मोजके. गतांपैकीं चिट नांवाच्या यवनानें संघाला भोजनमंडप दान दिला, एवढेंच त्यांत सांगितलें आहे. हे गत म्हणजे कोण, यावर पंडितांनीं पुष्कळ शाई खर्ची घातली; कोणी कोणी तर त्यांना युरोपांतील गॉथ लोकांपर्यंत नेऊन भिडविलें. तो वाद पंडितांनाच लखलाभ असो. सामान्य वाचकाला मोलाची वाटावी अशी गोष्ट निराळीच आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत पश्चिमेकडून आलेल्या, किंवा निदान तिकडच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, एका माणसाला या गांवीं पुण्य जोडावेंसें वाटलें. आणि त्यासाठीं त्यानें निवडलें तें काय, तर चार माणसांनीं एकत्र बसून जेवावें असें एक दालन. त्याच्याच गणांतील इरिल नांवाच्या दुसऱ्या यवनानें त्याच डोंगरांत पाण्याचीं दोन टाकीं दिलीं. एकानें अन्नाची जागा दिली, दुसऱ्यानें पाण्याची. जुन्नरच्या लेखी इतिहासांतील पहिली खाणावळ परक्यानें घातली असें म्हटलें तर तें थोडें थट्टेचें होईल, परंतु अगदींच खोटें होणार नाहीं.

असे परके लोक जुन्नरलाच कां यावेत, याचें उत्तर नाणेघाटांत आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल घाटावर चढे तो या वाटेनें, आणि घाटमाथ्यावरून पहिलें मोठें गांव लागे तें जुन्नर. तेथून पुढें वाट प्रतिष्ठानाकडे, म्हणजे आजच्या पैठणाकडे जाई. घाटाच्या तोंडाशीं सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे, आणि जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत अशी लोकांत समजूत आहे. जुन्नरच्या आसमंतांत दोनशेंहून अधिक लेणीं कोरलीं गेलीं तीं एखाद्या राजाच्या खजिन्यांतून नव्हेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि पाण्याचें टाकें दिल्याचा लेख येथें आहे. बुरुडांच्या आणि कांसारांच्या श्रेणींचीं नांवेंहि येथील लेखांत येतात. धान्य विकणारा, टोपली विणणारा, भांडें घडविणारा आणि जेवणाची जागा देणारा, अशी सारी स्वयंपाकघराची मंडळी त्या दगडांवर एकत्र आलेली दिसते.

यानंतर तेराशें वर्षें ओलांडून पुढें यावें लागतें. मधल्या काळांत जुन्नरांत परके आले नाहींत असें नाहीं. पण आपण काय खाल्लें, कोठें खाल्लें आणि काय खाण्याचें नाकारलें, हें लिहून ठेवणारा एकहि भेटत नाहीं. तो भेटतो इसवी सन १४७० च्या सुमारास. बहामनी राज्याचा तो काळ. बिदरच्या तख्तावर तिसरा महंमदशहा, आणि कारभार महमूद गावानाच्या हातीं. रशियांतील त्वेर गांवचा अफनासी निकितीन नांवाचा व्यापारी वाटेंत लुटला गेला, कर्जबाजारी झाला, आणि परत तोंड दाखविण्यापेक्षां पुढें जावें म्हणून इराणांतून होर्मुझपर्यंत आला. हिंदुस्थानांत घोड्यांना फार किंमत येते हें तेथें त्याच्या कानीं आलें. त्यानें एक घोडा घेतला, नावेंत घातला, आणि दीव व खंबायत करून तो चौलच्या बंदरांत उतरला. चौलास लोक त्याच्या पाठीमागें घोळक्यानें फिरत. गोरा माणूस त्यांना नवलाचा वाटे. तेथून डोंगर चढून तो जुन्नरला पोंचला, तोंच पावसाळा लागला.

या रशियन माणसानें पावसाळ्याला हिंवाळा म्हटलें आहे. त्याच्या देशीं घराबाहेर पडूं न देणारा ऋतु एकच, तो हिंवाळा. तेव्हां जुन्नरच्या आषाढश्रावणाला त्यानें तेंच नांव दिलें. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, असें त्याचें वर्णन आहे. याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात, हेंहि त्यानें टिपून ठेवलें. मावळांतल्या पावसाचा अनुभव ज्यांना आहे त्यांना यांत अतिशयोक्ति वाटणार नाहीं. दोन महिने तो जुन्नरांत अडकून पडला.

अशा परदेशी व्यापाऱ्याची सोय कशी होत असे, याविषयीं निकितीननें जें लिहिलें आहे तें आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. या देशांत परके व्यापारी उताऱ्याच्या घरांत राहतात. तेथें घरधनीण पाहुण्यांसाठीं अन्न रांधते आणि अंथरूणहि घालते, असें तो सांगतो. यापुढें त्यानें आणखी कांहीं लिहिलें आहे, तें घरांतल्या सर्वांसमोर सांगण्याजोगें नाहीं, आणि सरसकट खरें मानण्याजोगेंहि नाहीं; परमुलखांतील स्त्रियांविषयीं प्रवासी जें लिहितात तें नेहमीं हातचें राखून वाचावें. पण रांधणारी बाई मात्र खरी. चुलीशीं बसून, ओल्या सरपणाचा धूर डोळ्यांत घेत, ज्याची भाषा कळत नाहीं अशा माणसाला ती रोज जेवूं घालीत होती. तिचें नांव कोठेंच नाहीं.

घोड्याची बडदास्त कशी होती हेंहि निकितीननें बारकाईनें लिहिलें आहे. त्या मुलखांत घोडे निपजत नाहींत, बैल आणि म्हशी निपजतात. म्हणून घोड्याचे लाड फार. त्याला हरभरा चारीत, आणि साखर व तेल घालून शिजविलेली खिचडी देत. धनी उपास काढी आणि घोडा गोड खिचडी खाई, असा तो प्रकार होता. कारण निकितीन सनातनी ख्रिस्ती होता. त्याच्या धर्मांत मोठमोठे उपवास असतात, आणि वाटेंतील लुटींत त्याचे धर्मग्रंथ गेल्यामुळें सण कधीं, उपास कधीं, याचा त्याला मेळ लागत नव्हता. चुकूं नये म्हणून तो अंदाजानें मांस आणि स्निग्ध पदार्थ वर्ज्य करी, आणि कधीं भाकरी व पाणी यांवर दिवस काढी.

जुन्नरांत त्याच्यावर खरा प्रसंग गुदरला तो याच धर्मापायीं. तेथील अधिकारी असदखान यानें त्याचा घोडा काढून घेतला. घोडा त्याला शंभर रुबलांना पडला होता. त्याची सगळी पुंजी म्हणजे तो घोडा. हा माणूस मुसलमान नव्हे, रशियन आहे, असें खानाला कळलें तेव्हां त्यानें अट घातली. इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत मिळेल आणि वर एक हजार मोहरा मिळतील. न स्वीकारलास तर घोडा तर गेलाच, उलट हजार मोहरा तुझ्याकडून वसूल होतील. चार दिवसांची मुदत मिळाली. ऑगस्ट महिन्यांतील उपवासाचे ते दिवस. चहूंकडे पाऊस, ओळखीचें कोणी नाहीं, उत्तर दिलें तरी नुकसान आणि न दिलें तरी नुकसान, अशा अवस्थेंत हा माणूस प्रार्थना करीत बसला. मुदत संपत आली असतां महंमद नांवाचा एक खोरासानी खोजा गांवांत आला. निकितीननें त्याला गळ घातली. त्या भल्या माणसानें गडावर जाऊन खानाकडे रदबदली केली, धर्मांतराची अट सोडवून घेतली, आणि घोडाहि परत आणून दिला. ज्या धर्माच्या अधिकाऱ्यानें संकटांत घातलें त्याच धर्माच्या परदेशी पाहुण्यानें सोडविलें, ही गोष्ट निकितीननें प्रामाणिकपणें नमूद केली आहे. पुढें स्वदेशबांधवांना उद्देशून त्यानें कडवटपणें लिहिलें कीं, ज्याला हिंदुस्थानांत यावयाचें असेल त्यानें आपला धर्म घरींच ठेवून यावें.

ताटाचा प्रश्न याहून नाजूक होता. निकितीन वाटेंत खोजा यूसुफ खोरासानी असें मुसलमानी नांव वापरीत असे. त्यामुळें हिंदूंनीं त्याला मुसलमान समजावें हें ओघानेंच आलें, आणि मग त्यांचीं भांडीं त्याच्यापासून झांकलीं जात. त्यानें लिहिलें आहे कीं, हे लोक परधर्मीयाबरोबर खात नाहींत, पीत नाहींत. प्रवासांत प्रत्येक जण आपलें अन्न वेगळें शिजवितो, प्रत्येकाचें भांडें वेगळें. परक्याची नजर अन्नावर पडली तर तें अन्न टाकून देतात, आणि कित्येक जण कोणी पाहूं नये म्हणून वस्त्र पांघरून जेवतात. ते उजव्या हातानेंच खातात, सुरी लावीत नाहींत, चमचा त्यांना ठाऊक नाहीं. भात, लोणी घातलेली खिचडी, आणि दूधलोण्यांत शिजविलेल्या भाज्या हें त्यांचें अन्न. गाय, मेंढी, कोंबडी, मासा, डुक्कर यांपैकीं कांहींहि ते खात नाहींत, असें त्याचें म्हणणें. चौलच्या बंदरांत उतरलेल्या माणसानें मासे न खाणारा देश असें म्हणावें, हें आश्चर्यच. पण ज्यांनीं त्याच्याशीं दोन शब्द बोलले ते बहुधा व्यापारी पेशाचे, व्रतस्थ लोक असावेत, आणि त्यांच्यावरून त्यानें साऱ्या मुलखाचें माप काढलें.

जुन्नरहून तो बिदरला गेला. तेथें त्यानें हिंदु ओळखीच्यांना खरें सांगितलें, कीं आपण मुसलमान नव्हे, ख्रिस्ती आहों, आणि आपलें नांव अफनासी. तेव्हांपासून त्यांनीं आपलें जेवण, आपला व्यापार, आपली पूजा, कांहींच त्याच्यापासून लपविलें नाहीं. ते त्याला श्रीशैलाच्या यात्रेलाहि घेऊन गेले. एका ताटांत कोणी त्याला बसविलें नाहींच. पण भांड्यावरचें झांकण निघालें. पंधराव्या शतकांतील दक्षिणेंत परक्याला मिळूं शकणारा विश्वास बहुधा एवढाच होता, आणि त्या एकट्या माणसाला तो फार मोठा वाटला असें त्याच्या लिहिण्यावरून दिसतें. तो घरीं पोंचला नाहीं. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनीं मॉस्कोला नेल्या आणि १४७५ सालीं त्या तेथील राजाच्या एका चिटणिसाच्या हातीं पडल्या. रशियन लिपींत लिहिलेला खिचडी हा शब्द त्या वह्यांच्या नकलांत अजून वाचावयास सांपडतो.

जुन्नरचा दुसरा लेखक पाहुणा इंग्रज वैद्य जॉन फ्रायर. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत, जुन्नर मोंगलांकडे असतां, तेथील सुभेदारानें आपल्या जनान्यांतील रुग्ण स्त्रीसाठीं त्याला मुंबईहून बोलावून घेतलें. त्याचें पुस्तक १६९८ सालीं लंडनांत छापलें गेलें. त्यांतील एकच चित्र येथें पुरे आहे. पडद्याआडून हात बाहेर येई आणि वैद्यानें नाडी पाहावयाची. एकदां तो पडदा अवचित खालीं कोसळला. आंतल्या बायका कांहीं रिकाम्या बसलेल्या नव्हत्या. सोललेल्या कैऱ्या मुरंब्याकरितां आणि लोणच्याकरितां मांडलेल्या होत्या, आणि कांहीं भरतकाम पडलें होतें. उन्हाळ्याच्या दिवसांत जुन्नरकडच्या कोणत्याहि घरांत आज गेलें तरी हेंच दिसेल.

आतां दिशा उलटी करूं. इतका वेळ परका जुन्नरांत येऊन जेवला. जुन्नर-आंबेगांवचा माणूस आज परमुलखांत जातो; नोकरीनिमित्त जातो, द्राक्षाकांद्याच्या व्यापारासाठीं जातो, सहलीला म्हणून बालीजावालाहि जातो. असा एखादा प्रवासी जावा बेटांतील योग्यकर्ता शहराजवळच्या एखाद्या गजबजलेल्या, साध्या भोजनगृहांत शिरला तर त्याच्या पुढें बहुधा पहिली येईल ती तळलेली कोंबडी. तिकडे तिला अयाम गोरेंग म्हणतात. अयाम म्हणजे कोंबडी, गोरेंग म्हणजे तळलेलें. (जुन्नरच्या मानमोडी डोंगरावरील एका लेखांत क्षत्रप नहपानाच्या अमात्याचें नांव अयम असें आहे, वर्ष शेचाळीस. दोन शब्दांचा परस्परांशीं कांहींहि संबंध नाहीं. पण शाळेंत इतिहास शिकविणाऱ्याला असा योगायोग सोडवत नाहीं.)

ही कोंबडी पाश्चात्त्य तऱ्हेची नव्हे. तिला पिठाचें जाड कवच नसतें. हळद, धने, लसूण, बारीक कांदे, आलें, कुलिंजन आणि बदामासारखें एक तेलकट बीं वाटून त्या वाटणांत कोंबडीचे तुकडे प्रथम मंद आंचेवर झांकून शिजवितात. वर गवती चहाची जुडी ठेंचून टाकतात. पाणी आटून मसाला मांसांत मुरला कीं तुकडे बाजूला काढून ठेवतात, आणि गिऱ्हाईक आलें कीं कडकडीत तेलांत सोडतात. उष्ण देशांत, बर्फाच्या पेट्या नसतांना, हा बेत फार सोयीचा होता. हळदमिठांत शिजलेलें मांस कच्च्या मांसापेक्षां जास्त टिकतें, आणि तळावयाला दोनचार मिनिटें पुरतात. भोजनगृहाला जें हवें असतें, म्हणजे सकाळीं कष्ट आणि दुपारीं झटपट वाढप, तें यांत साधतें.

योग्यकर्त्याच्या पूर्वेस कलसन नांवाचें ठिकाण आहे. तेथील पद्धत म्हणजे साध्या पाण्याऐवजीं शहाळ्याच्या पाण्यांत कोंबडी शिजविणें. तिला किंचित् गोडवा येतो. त्या भागांतील एका बाईच्या हातच्या कोंबडीची एवढी ख्याति झाली कीं, म्बोक बेरेक हें तिला लोकांनीं दिलेलें नांव आज कित्येक भोजनगृहांच्या पाट्यांवर आहे. जुन्नरच्या त्या घरधनिणीला जें लाभलें नाहीं तें या जावानीज बाईला लाभलें.

कलसनचें आणखी एक महत्त्व आहे. तेथें तारादेवीचें एक प्राचीन बौद्ध मंदिर उभें आहे, आणि त्याच्या संस्कृत शिलालेखावर शके ७०० हें वर्ष आहे, म्हणजे इसवी सन ७७८. अक्षरें नागरीच्या जवळचीं. शैलेंद्र वंशाच्या काळीं हें देऊळ झालें आणि कालस हें गांव भिक्षुसंघाला दान दिलें गेलें, असा लेखाचा आशय आहे. आपल्या पंचांगांत जो शक आपण लिहितों त्याच शकांत जावांतला राजा आपलें दान मोजीत होता. शिवनेरीच्या चिटानें संघाला भोजनमंडप दिला, आणि सहासातशें वर्षांनीं जावाच्या राजानें संघाच्या पोटापाण्यासाठीं गांव दिलें. जेथें ती तळलेली कोंबडी आज वाढली जाते तेथून तें मंदिर हांकेच्या अंतरावर आहे. भिक्षूंना कोंबडी वाढीत असत असा मात्र कोणी अर्थ काढूं नये.

मराठी प्रवाशाला या ताटांत ओळखीचें पुष्कळ सांपडतें, आणि तें नुसतें जिभेला नव्हे, कानालाहि. साखरेला तिकडे गुला म्हणतात, तो आपला गूळ. मिऱ्याला मेरिचा म्हणतात, तें संस्कृत मरिच. चवीला रस हाच शब्द, रासा असा उच्चारलेला. जायफळाला पाला म्हणतात, तो फल शब्दाचाच अवशेष मानला जातो. मिरचीची गोष्ट तर विशेष मौजेची आहे. मिरची अमेरिकेंतली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत ती पूर्वेकडे आली. तिला नांव हवें होतें. मराठी माणसानें जुन्या मरिचावरून तिला मिरची म्हटलें. जावाच्या माणसानें तिला चाबे म्हटलें. हें तेथील जुन्या लांब मिरीचें नांव, आयुर्वेदांतील चव्याचें नातलग. दोन समुद्रांपलीकडच्या दोन लोकांनीं नव्या तिखटाला आपापल्या जुन्या तिखटाचें नांव दिलें. ताटांत कोंबडीशेजारीं जी लाल चटणी येते ती दगडावर रगडलेली असते, आणि आपल्या ठेंच्याची सख्खी बहीण शोभते. फक्त तींत वाळविलेल्या कोळंबीचा आंबूस गोळा घातलेला असतो. कोंकणांत सुकटीची संवय असलेल्याला त्याचें कांहीं वाटत नाहीं, घाटावरचा माणूस पहिल्या घांसाला थबकतो.

उलट आपल्या मसाल्याच्या डब्यांतहि तिकडचा ऐवज आहे. लवंग मूळची मोलुक्का बेटांतली, जायफळ आणि जायपत्री बांदा बेटांतली, कंकोळ जावाचें. कालिदासाच्या रघुवंशांत लवंगेचीं फुलें द्वीपांतराहून वाऱ्यानें येतात. म्हणजे आपल्या कवीला त्यांचें मूळ ठाऊक होतें. या सुगंधाची किंमत कोणी दिली हेंहि ठाऊक असावें. जायफळाचा मक्ता आपल्याच हातीं राहावा म्हणून डच कंपनीच्या यान पीटरसून कून या गव्हर्नरानें १६२१ सालीं बांदा बेटांवर स्वारी केली. तेथील बहुतेक रहिवासी मारले गेले, उपासमारीनें मेले, किंवा गुलाम करून नेले गेले. बेटें ओस पडलीं आणि तेथें बाहेरून आणलेल्या गुलामांकडून बागा राखविल्या. शिवनेरीवर १६३० सालीं शिवजन्म झाला त्याच्या अवघ्या नऊ वर्षें आधींची ही गोष्ट. पुढें १६३७ सालीं याच कंपनीनें वेंगुर्ल्यास वखार घातली. पुरणपोळींत जायफळ किसणाऱ्या घरांत बांदाचें नांव सहसा निघत नाहीं.

राहतां राहिली खुद्द कोंबडी. पाळीव कोंबडी आग्नेय आशियांत माणसाळली असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन सांगतें. सर्वांत जुनीं निश्चित हाडें मध्य थायलंडांत मिळालीं, आणि तीं ख्रिस्तपूर्व १६५० ते १२५० या काळांतलीं धरलीं जातात. शेतांत सांडलेल्या भाताच्या दाण्यांसाठीं रानकोंबडा गांवाजवळ आला आणि गांवचाच झाला. पण या वंशावळींत सह्याद्रीचाहि अंश आहे. पाळीव कोंबडीची पिंवळी कातडी तांबड्या रानकोंबड्याकडून आलेली नसून दक्षिण हिंदुस्थानांतील राखी रानकोंबड्याकडून आली, असें २००८ सालच्या संशोधनांत दिसून आलें. हा राखी रानकोंबडा आंबेगांव तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकरच्या जंगलांत आजहि आरवतो. जावाच्या कढईंत तळली जाणारी पिंवळ्या पायांची कोंबडी दूरच्या नात्यानें घोड नदीच्या उगमाकडची आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आणि तरीहि पांढरपेशा मराठी घरांत कोंबडीला फार उशिरां वाट मिळाली. मनुस्मृतींत गांवकोंबडा वर्ज्य सांगितला आहे. उकिरड्यावर चरणारा पक्षी म्हणून त्याचा विटाळ. मांसाहारी घरांतहि कोंबडीचें भांडें वेगळें, चूल वेगळी, प्रसंगीं परसदारीं तीन दगड मांडून ती शिजवावयाची, अशी चाल कित्येक ठिकाणीं होती. याच तालुक्यांच्या डोंगरकपारींत राहणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर यांच्या घरीं मात्र पाहुणा आला कीं अंगणांतली कोंबडी धरावयाची, ही रीत जुनी. जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें, माणसें उठून दुसरीकडे वसलीं. पाहुण्याची ती रीत त्यांच्याबरोबर गेली.

भांडीं झांकण्याची चाल मोडली ती उपदेशानें कमी आणि खाणावळींनीं जास्त. पुणें-नाशिक रस्त्यावर मंचर, नारायणगांव, आळेफाटा या थांब्यांवर गाडी उभी राहिली कीं कोण कोणाशेजारीं बसला आहे हें पाहावयास कोणाला सवड नसते. तेथें या भागाची खरी ओळख म्हणजे मासवडी. नांवांत मासा, आंत मासा नाहीं. बेसनाच्या शिजविलेल्या पोळींत तीळ, खोबरें आणि लसणीचा मसाला भरून माशासारखा आकार द्यावयाचा, तुकडे कापावयाचे, आणि झणझणीत रश्श्याबरोबर बाजरीच्या भाकरीशीं खावयाचे. गाय, मेंढी, कोंबडी, मासा कांहींच न खाणाऱ्या लोकांविषयीं लिहिणाऱ्या निकितीनला ही माशाच्या रूपाची शाकाहारी वडी कोणी वाढली असती तर त्यानें काय लिहिलें असतें, याची कल्पना करण्यासारखी आहे.

जावाची ती कोंबडी कोणाला घरीं करून पाहावयाची असेल तर फारसें अडत नाहीं. कुलिंजन न मिळालें तर आलें थोडें वाढवावें. त्या तेलकट बियांच्या जागीं चारसहा काजू वाटावेत. गवती चहा तर परसांत असतोच. चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ विसरूं नये. शहाळ्याचें पाणी घातलें तर आंच मंद ठेवावी, कारण त्यांतली साखर तळाला लवकर लागते. पाणी पुरतें आटल्याशिवाय तुकडे तेलांत सोडूं नयेत, नाहींतर तेल उडतें. तिकडे ती भाताबरोबर, काकडीच्या कच्च्या फोडींबरोबर आणि उजव्या हातानें खातात. बाजरीच्या भाकरीबरोबरहि ती चांगली लागते.